टाकी पुरी भरा

दोन शहरांमधलं हवाई अंतर काही रबराचं नसतं. पाच तासांचं उड्डाण, वारा समोरून असला तर थोडं जास्त. डिस्पॅचरला ते तोंडपाठ होतं. दुसऱ्या शहरातून इकडे येणाऱ्या विमानात किती इंधन भरायचं हे तोच ठरवायचा, आणि हात इतका सढळ की ऑफिसात सगळे त्याला टाकीकाका म्हणायचे. हल्ली तर विचारायलाच नको. एकुलती एक लेक त्याच विमानावर एअर होस्टेस म्हणून लागली होती.

पण काही दिवसांपासून हिशोब जुळेना. विमान वेळेवर उतरायचं, टाकी मात्र जवळजवळ कोरडी.

"गळती आहे का रे?" त्याने इंजिनिअरला विचारलं.

"छे! सगळं खोलून पाहिलं. इंजिनांनीच जाळलंय, काका. पाच तासांत एवढं कसं, ते मला नका विचारू."

पुढच्या खेपेला त्याने आणखी इंधन दिलं. तेही संपलं. त्याचं डोकं चक्रावून गेलं.

त्या दिवशी लेक घरी आली ती थेट जेवायला बसली आणि उपाशी असल्यासारखी जेवतच राहिली. नखं वाढलेली. परवाच खांद्यापर्यंत कापलेले केस पाठीवर आलेले.

"बाबा, वाटेत दोनदा उजाडलं," ती हळूच म्हणाली. "कॅप्टन म्हणतात, घड्याळ बरोबर आहे, कुठे बोलू नका."

"तुझी झोप होत नाहीये. पुढची फेरी रद्द कर."

"रजा कुठे शिल्लक आहे? आणि तुम्ही आहात ना! इंधन तेवढं कमी पडू देऊ नका, म्हणजे झालं."

वर काय घडतंय ते त्याला समजत नव्हतं. पण इंधन संपलं तर लेक घरी येणार नाही, एवढं समजत होतं. तिच्या परतीच्या उड्डाणाला त्याने तिकडे फोन करून सांगितलं, टाकी पुरी भरा.

फोन ठेवला आणि मनात शंकेची पाल चुकचुकली. दर वेळी आपण जेवढं जास्त दिलं, तेवढंच जास्त जळलं होतं. वाट लांबते म्हणून आपण देतो, की आपण देतो म्हणून वाट लांबते?

त्याने घाईघाईने पुन्हा फोन लावला. विमान उडालं होतं.

भर दुपारी ते अगदी वेळेवर उतरलं. तो धावतच दारापाशी गेला.

प्रवासी बाहेर येत होते. भिंतीचा आधार घेत.

सगळ्यांत शेवटी गणवेशातली एक बाई आली. गणवेश विटलेला, कोपरांवर ठिगळं. केस पांढरेशुभ्र.

तो दोन पावलं पुढे झाला.

ती त्याच्यासमोर थांबली. डोळे बारीक करून तिने त्याच्याकडे पाहिलं.

"बाळा," ती म्हणाली, "इथे माझे बाबा कामाला होते. फार वर्षं झाली. त्यांच्या ओळखीचं कुणी असेल का रे अजून?"