तिसरा वाटा

वेदनासेतूचा टोप डोक्यावर चढवताना डॉ. एस्तेर रणनवरे देवाला शिव्या घालत होती. मनातल्या मनात नाही, चांगल्या मोठ्याने. चर्चच्या पाळकांची सून, संडे स्कूलात वाढलेली, अर्धं बायबल तोंडपाठ. पण तिच्या नऊ वर्षांच्या लेकीच्या, सलोमीच्या मांडीच्या हाडात गाठ निघाली, तिथून ती दुसऱ्या हाडांत उतरली, आणि एस्तेरने देवाशी भांडण काढलं. लोक म्हणाले, अबोला धर, प्रार्थना सोड. ती म्हणाली, अबोला धरायला तो आधी बोलत होता कुठे? एकदा समोर येऊन बसू दे म्हणावं, मग बघते त्याच्याकडे.

श्रीरामपूरबाहेरच्या त्या मज्जाविज्ञान संस्थेत तिची स्वतःची प्रयोगशाळा होती, आणि तिच्याच शेजारच्या खोलीत सलोमीची खाट होती. औषधं थकली होती. भरपूर दिली तर पोर दुखणं विसरायची, पण त्याबरोबर आईलाही विसरायची. म्हणून एस्तेरने दोन वर्षं माकडांवर आणि विद्यार्थ्यांवर तपासलेलं यंत्र आता स्वतःच्या मुलीला जोडलं होतं. संस्थेच्या समितीने खूप कुरकुर केली. एस्तेरने त्यांना सलोमीच्या खोलीत पाच मिनिटं उभं केलं. मग सह्या झाल्या.

"म्हणजे दुखणं नाहीसं होत नाही?" रेव्हरंड याकोब रणनवरेंनी विचारलं. एस्तेरचे सासरे. सेवानिवृत्त झाले तरी अख्खं गाव त्यांना पाळकसाहेबच म्हणायचं.

"नाही," एस्तेरचा सहकारी निनाद पेंढारकर म्हणाला. यंत्राची बांधणी त्याची होती. "वेदना ही मेंदूने मारलेली हाक असते. औषध हाक मारणाऱ्याचं तोंड दाबतं. आमचा सेतू ती हाक दुसऱ्या मेंदूपर्यंत नेतो. दुसऱ्याने ती घेतली की पहिला शांत होतो. इकडे जेवढी उतरते तेवढीच तिकडे चढते. मापकावरची बेरीज कधी बदलत नाही."

"आणि घेणारा कुणी नसला तर?"

"तर काहीच हलत नाही. रिकाम्या खुर्चीवर टोप ठेवून पाहिलंय, पुन्हा पुन्हा पाहिलंय. खुर्चीत माणूस असला आणि त्याच्या मनात नसलं, तरीही नाही. घेणाऱ्याच्या मेंदूतून एक लहर यावी लागते. आम्ही तिला संमती-लहर म्हणतो. ती इतक्या खोलातून येते की तिचं सोंग आणता येत नाही." निनादने टोपाची तार उगाचच सरळ केली. "मी स्वतः बसलो होतो, साहेब. मला वाटत होतं, मी तयार आहे. मापकाने सांगितलं, नाही."

"ऐकलंत ना पप्पा?" एस्तेर म्हणाली. "हाडामासाच्या माणसांना जमतं हे. मग तुमच्या देवाला काय धाड भरलीय? प्रेमळ म्हणे. सर्वसमर्थ म्हणे. दोन्हीपैकी एक तरी थाप आहे."

"मला माहीत नाही," याकोबराव म्हणाले. "जन्मभर व्यासपीठावरून उत्तरं दिली. माझा आबनेर गेला, तेव्हा तुलाही एक दिलं. ते उत्तर नव्हतंच पोरी. तुझं तोंड दाबायचं औषध होतं."

नवऱ्याचं नाव निघालं तशी एस्तेरने मान फिरवली.

एका माणसाला तासाभरापेक्षा जास्त घेणं झेपत नव्हतं. त्यावर तोडगा याकोबरावांनीच काढला. चर्चच्या मंडळीत कुणी फार आजारी असलं की साखळी प्रार्थना लावतात. एकेकाने एकेक तास घ्यायचा, मध्ये खंड पडू द्यायचा नाही. तशीच साखळी इथे लावू, ते म्हणाले. निनादने पाळी बदलताना सेतू तुटू नये म्हणून आणखी एक खुर्ची आणि तिसरा टोप जोडला. सलोमीला सांगितलं होतं की तारेतून औषध येतं. घेणारा भिंतीपलीकडे बसायचा.

सकाळी पहिला तास एस्तेरने घेतला. दुखणं काय चीज आहे ते तिला तेव्हा कळलं. कुणीतरी मांडीत पहार घालून ती सावकाश फिरवावी, तसं. माझी पोर हे घेऊन मला "आई, तू जेवलीस का" विचारत होती, हे आठवून ती हुंदका दाबत राहिली. दुसरा तास याकोबरावांनी घेतला. तिसऱ्या तासाला बाहेरचं पहिलं माणूस आलं, शेलारमावशी. संडे स्कूलच्या शिक्षिका. मंडळीतली निम्मी माणसं त्यांच्या हाताखालून गेलेली.

आणि तिथेच घोटाळा झाला. साखळी प्रार्थनेची त्यांच्या मंडळीत एक रीत होती. आपला तास संपला की आजाऱ्यापाशी जायचं, डोक्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, तुझ्या तासाला मी होते. ही रीत आज पाळायची नाही, हे मावशींना सांगायचं कुणाला सुचलंच नव्हतं. मावशी उठल्या, मांडी दाबत दाबत सलोमीच्या खोलीत गेल्या आणि त्यांनी डोक्यावर हात ठेवला.

"तुझ्या तासाला मी होते गं बाळा."

सलोमीने त्यांचा घामाने डबडबलेला चेहरा पाहिला. मग त्यांचा दुसरा हात पाहिला. "मावशी, तुम्हाला इथेच दुखतंय?"

मावशी संडे स्कूलातल्या पोरांशी जन्मात खोटं बोलल्या नव्हत्या. "एवढंसंच," त्या म्हणाल्या.

त्यानंतर यंत्र चाललं नाही. एस्तेर पुन्हा खुर्चीत बसली, तिची संमती-लहर मापकावर धो धो दिसत होती, पण सेतूवरून कणही येईना. पलीकडे सलोमी कण्हू लागली. निनादने सगळं उघडून तपासलं आणि मग हातातला पेचकस खाली ठेवला.

"देणाऱ्याचीही संमती लागते," तो म्हणाला. "आपण ते कधी तपासलंच नाही. नको म्हणणारं कुणी आजवर भेटलंच नव्हतं."

एस्तेरचा तोल गेला. "अक्कल गहाण टाकून आला होतात का?" ती शेलारमावशींवर ओरडली. मावशी पदरात तोंड घालून बाहेर गेल्या. मग ती सलोमीपाशी आली.

"सलू, दे ना गं मला."

"नको."

"का नको?"

"तुला दुखतं."

"मला चालतं."

"मला नाही चालत," सलोमी म्हणाली आणि उशीचा कोपरा दातांत धरला.

एस्तेर बाहेर आली ती सरळ सासऱ्यांवर. "दुसऱ्यासाठी सोसा, दुसऱ्यासाठी सोसा. भरवलंत ना एवढ्याशा पोरीला? आता बघा."

याकोबराव रडत होते. "जबरदस्तीने काढून घेता येणार नाही?"

"येईल. मेंदूतला तेवढा भाग बंद करायचा. तिथेच ती नाही म्हणते. पण तिथेच तिची माया असते. तो बंद केला तर दुखणं जाईल, पण खाटेवर सलू नसेल, दुसरंच कुणीतरी..." ती मध्येच थांबली. जबरदस्ती न करणाऱ्या देवाचीच बाजू आपण मांडून बसलो, हे तिच्या लक्षात आलं. सासऱ्यांनी नुसतं वर पाहिलं होतं.

"एक शब्द बोलू नका," ती म्हणाली. "त्याची वकिली इथे नको. मी एका रात्रीत यंत्र बदलू शकत नाही. त्याने अख्खं जग केलंय म्हणे, त्याला दुसरी तऱ्हा सुचली नाही?"

"मी काही बोललो नाही पोरी."

ती आत गेली, खाटेशी बसली. चेहरा पुसला. "बरं, सगळं नको. अर्धं दे. तुला चॉकलेट मिळालं की मला अर्धं देतेस ना, तसं."

सलोमीने विचार केला. "वाटे करायचे?"

"हो."

"मग तीन करायचे."

"तिसरा कुणाला?"

सलोमीने पाळीबदलाच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवलं. आता लपवाछपवी उरली नव्हती, दोन्ही खुर्च्या निनादने खोलीतच आणून ठेवल्या होत्या. "पाटीवर आहे ना, तो. तू काढून ठेवलीस ती पाटी."

त्यांच्या जेवणघरात ती पाटी होती, तशी मंडळीतल्या बहुतेक घरांत असते. ख्रिस्त या घराचा धनी, प्रत्येक जेवणातला अदृश्य पाहुणा. सलोमी लहानपणापासून नाताळच्या करंज्यांतली एक त्या पाहुण्यासाठी काढून ठेवायची. तपासणीचा निकाल आला त्या दिवशी एस्तेरने पाटी उचकटून कपाटामागे टाकली होती.

एस्तेरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तिने हिशेब केला. रिकाम्या खुर्चीत काही जाणार नाही, तो वाटा सलूकडेच राहील. पण एक वाटा तरी आपल्याकडे येईल. हेही नसे थोडके.

"त्याचा टोप ठेव ना खुर्चीवर," सलोमी म्हणाली. एस्तेरने टोप खुर्चीवर आदळला आणि स्वतःचा डोक्यावर चढवून ती खाटेलगतच्या खुर्चीत बसली.

मग पहार पुन्हा मांडीत शिरली, या वेळी थोडी बेताने. सलोमीच्या कपाळावरची आठी हळूहळू सुटली. तिने आईचं बोट धरलं आणि डोळे मिटले.

"बेरीज जुळत नाही," निनाद म्हणाला.

"म्हणजे?"

"तुमच्याकडे एक तृतीयांश आहे. सलोमीकडेही एक तृतीयांशच." त्याने मापक बदलला. तारा बदलल्या. आकडे हलले नाहीत. "तिसऱ्या टोपाची वाट चालू आहे, एस्तेर. तिथे काहीतरी जातंय. आणि घेणारा नसेल तर..." तो बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभा राहिला.

एस्तेर खुर्चीकडे पाहत राहिली. तिला आनंद झाला नाही, तिचे हात जोडले गेले नाहीत. तिथे कुणी नाही, अशी खात्री होती तोवर राग सोपा होता. आकाशाकडे पाहून ओरडायचं आणि घरी जायचं. आता तो तीन हातांवर बसला होता आणि तिच्या मुलीचं दुखणं घेत होता. म्हणजे तो होता. आबनेरच्या वेळीही असणार. सगळं घ्यायचं सोडून एकच वाटा का घेतलास, हे तिच्या ओठांवर आलं, आणि दिला तेवढाच घेता येतो हा नियम तिनेच शोधला होता, हेही आठवलं. तिला त्या नियमाची मनापासून चीड आली.

सलोमी झोपली. तास भरत आला तसे याकोबराव पाळी घ्यायला दाराशी आले. एस्तेरने मानेनेच त्यांना थांबवलं. ती दातओठ खात बसून राहिली आणि समोरच्या खुर्चीशी बोलली, मुलगी उठू नये अशा हळू आवाजात.

"आता इथून उठलास, तर बघ."