उष्टावणाची वाटी

पडद्यावरचा हिरवा ठिपका, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली निहारची नजर, आज वाटीवर अडकली नाही. खेळणी, भिंत, सहकारी डॉ. मुजावरांचा चेहरा अशी ती हिंडून आली. कोल्हापूरच्या बालमेंदू प्रयोगशाळेत पेढे वाटले गेले. निहारची आई आणि त्याच्या कपाळावरच्या यंत्राची जनक, डॉ. रेवती टिळेकर, पेढा हातात धरून बसली होती.

तिचे गृहीतक साधे होते. स्वमग्न लहानग्यांचे लक्ष कमी नसते, चिकट असते. एकदा बसले की सुटत नाही. तिची कपाळपट्टी, 'अवधानसोडवणी', एका वस्तूवर तीन सेकंद नजर थांबली की मज्जातंतूंना हलकेच डिवचून ती सोडवी. माणसाच्या चेहऱ्याला सूट होती. महिनाभरात मेंदू शिकला की पट्टीचीही गरज उरत नसे. दोन वर्षांचा निहार नाव कोरलेली उष्टावणाची स्टीलची वाटी उपडी धरून तिच्या बुडात तासन्‌तास पाही. स्वतःच्या मुलावर प्रयोग नको, असे मुजावरांनी बजावले होते. पण घाई आईला होती आणि संमती देणारीही आईच.

महिना उलटला होता आणि आता तो हसेनासा झाला होता. कारण शोधायला रेवतीने पहिल्या दिवसाचे चित्रण लावायला सांगितले.

मुजावरांनी पडद्यावर वाटी मोठी केली. तिच्या चकचकीत बुडात एक चेहरा होता, थोडा वाकडा, पण रेवतीचा. ती हलली की निहार वाटी कलवी आणि चेहरा पुन्हा मधोमध आणी.

"तुम्ही कुठे बसला होता मॅडम?"

"त्याच्या मागे. आईकडे त्याचं लक्ष जाऊ नये म्हणून. नियम माझाच. घरीही मांडीवर पाठमोरा घेऊनच भरवते मी त्याला."

काखेत कळसा अन् गावाला वळसा. यंत्र समोरचे चेहरे ओळखत होते. वाटीतला चेहरा त्याच्या लेखी वस्तूच होता.

"मी त्याला माझ्यापासूनच सोडवलं," रेवती म्हणाली. तिला स्वतःची लाज वाटली.

तिने पट्टी काढून टेबलावर ठेवली. निहारला पूर्वीसारखे पाठमोरे मांडीवर घेतले आणि वाटी त्याच्या हातात दिली. हिरवा ठिपका वाटीतल्या तिच्या चेहऱ्यावर आला. निहारचे ओठ हसण्यासाठी हलले.

मग तीन सेकंद झाले आणि ठिपका भिंतीवर गेला. पट्टी टेबलावरच होती.