शेकरला तापमान एकच

शेकरचं झाकण तिनं उचललं, तेव्हा दुसऱ्या बाजूनं तेच झाकण आणखी कुणीतरी उचलत होतं.

"तुमचं किती?" तिनं दरडावून विचारलं.

त्यानं तिच्या हातातल्या नळ्यांकडे पाहिलं. मग तिच्याकडे... जरा जास्तच वेळ.

"तुमचं?"

"सदतीस."

"काय योगायोग! माझंही सदतीसच."

नळ्या ठरल्या तापमानाला डुलवत ठेवणारं हे यंत्र साऱ्या प्रयोगशाळेत एकच, आणि एका वेळी त्याचं तापमानही एकच. त्यापायी तिथल्या कित्येक मैत्र्या कायमच्या गार पडल्या होत्या. सदतीसवाला भेटला म्हणजे देवच पावला! अर्धा शेकर तिचा, अर्धा त्याचा. आणि नळ्या डुलेपर्यंत दोन स्टुलं, दोन कप चहा.

नळी गढूळ झाली की समजावं, जंतू वाढले. तिच्या नळ्या ताकासारख्या गढूळ होत. त्याच्या मात्र स्वच्छ — पिऊन टाकाव्यात इतक्या. ती त्याला पाणीवाला म्हणू लागली. तो तिला मास्तरीणबाई.

"नशीबच फुटकं तुझं," ती म्हणायची.

"नशिबाबद्दल माझी काही तक्रार नाही," तो तिच्याकडे बघत म्हणायचा. तिला वाटायचं, काय हा आशावाद!

त्यांचे सर प्रयोगशाळेत फारसे फिरकत नसत. ते परिषदांतून प्रयोगशाळेविषयी बोलत. वर्षाअखेरीच्या बैठकीत मात्र ते पाणीवाल्यावर कडाडले.

"बर्फाच्या तळ्यातले जंतू तुझे! पंधरा अंशांना वाढणारे! सदतीसला शिजवायला कुणी सांगितलं होतं?"

पाणीवाला खाली बघत राहिला. "मशीन एकच आहे, सर..."

सरांनी त्याला महिनाअखेरीस जागा सोडायला सांगितलं.

तिनं त्याला जिन्यात गाठलं. "पहिल्या दिवसापासून माहीत होतं तुला?"

"हो."

"अरे गाढवा, मागितला असतास तर दिला असता मी शेकर!"

"शेकर हवा होता कुणाला?"

तिला रडू आलं, आणि त्याला एक ठेवून द्यावीशीही वाटली. तिनं फक्त त्याच्या कोटाची बाही घट्ट धरली.

"मग आता?"

"आता मामाचं फरशीचं दुकान."

"मी येते."

"नको. दोघांपैकी एकाचे तरी जंतू जगू देत."

त्याच्या शेवटच्या दिवशी तिनं शेकरमधल्या आपल्या नळ्या काढून टेबलावर ठेवल्या, आकडा पंधरावर आणला आणि त्याच्या जंतूंच्या नव्या नळ्या आत लावल्या.

"अगं, तुझं वर्षाचं काम आहे ते..."

"तुझं नव्हतं?"

दोघं तिथेच उभे राहिले... खांद्याला खांदा लागेल-न लागेल इतक्या अंतरावर. निघताना तो म्हणाला, "उद्या वाढले, तर मला सांगू नकोस."

दुसऱ्या दिवशी त्याच्या सगळ्या नळ्या दुधासारख्या पांढऱ्या झाल्या होत्या. तिनं त्याला फोन लावला.

"काही नाही रे. पाणीच आहे."

पलीकडे कुणीतरी फरशा उतरवत होतं.

"मास्तरीणबाई," तो म्हणाला, "तुम्हाला खोटं बोलता येत नाही."

फोन दोघांनीही ठेवला नाही.