सिराजचा आकडा

मी हे रचून सांगत नाहीये. खोटं वाटत असेल तर माझा भागीदार बर्राक याला विचारा. तो काही सांगणार नाही. एक शिवी हासडेल आणि हात धुवायला निघून जाईल. त्यावरून काय ते समजा.

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. बगदादच्या सिनाआ रस्त्यावर तिसऱ्या मजल्यावर आमचं कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. वार मंगळवार, दुपारचे बारा. लख्ख ऊन होतं.

उम्म सिराज, म्हणजे सिराजची आई, आणि तिची मुलगी तमादुर एक काळा कम्प्युटर चादरीत गुंडाळून घेऊन आल्या. दोघींनी दोन बाजूंनी धरला होता. लहान मुलाला दवाखान्यात आणतात तसा.

"माझ्या सिराजचा आहे," म्हातारी म्हणाली. "दोन वर्षं झाली त्याला जाऊन. हा खोलीत बंद होता. आता हिला हवाय."

तमादुर आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला होती. आठ दिवसांत प्रोजेक्ट द्यायचं होतं. इमारतीचं एकेक चित्र तयार व्हायला रात्र जायची. या वेगाने गेलं तर वर्ष वाया.

"भाऊ याच्यावर खूप जोरात काम करायचा," ती म्हणाली. "त्याने बरोबर आकडा शोधला होता. पण आतली बॅटरी संपली, आणि सगळं पुसलं गेलं."

मला कळलं. प्रोसेसरला ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचं, याला आम्ही ओव्हरक्लॉक म्हणतो. प्रत्येक प्रोसेसरचा दम वेगळा. थोडा वेग वाढवायचा, थोडं व्होल्टेज वाढवायचं, टेस्ट लावायची आणि तासन्‌तास बघत बसायचं. अडकला की मागे यायचं. न अडकता चालला, तर तो आकडा पक्का.

"दोन दिवसांत देतो, खाला," मी म्हातारीला म्हणालो.

त्या गेल्यावर मी बाजूचं झाकण उघडलं.

धूळ होती. पण बगदादची धूळ कोरडी असते, फुंकली की उडते. ही उडेना.

ही चिकट होती... पिवळट... बोटाला तुपासारखी लागणारी.

प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या कूलरच्या पट्ट्यांमध्ये तांदळाच्या दाण्यांसारखं काहीतरी अडकलं होतं. तपकिरी, पोकळ. मी चिमट्याने एक काढलं.

माश्यांच्या अळ्यांची टरफलं. रिकामी. शेकड्यांनी.

बर्राक फलाफल खात होता. वाकून बघितलं आणि घास तसाच कागदात थुंकला.

"तुझ्या आयला, नवार. कम्प्युटर आणलाय का खाटकाची बादली?"

"उंदीर मेला असेल आत," मी म्हणालो.

"मग उंदीर कुठंय?"

उंदीर नव्हता.

मी तासभर ब्रशने आणि स्पिरिटने घासलं. स्पिरिट पिवळं निघत राहिलं. प्रोसेसरवर नवी पेस्ट लावली, कूलर बसवला, समोर प्लास्टिकचं स्टूल ओढलं आणि सुरू केला.

चार पॉइंट चार गिगाहर्ट्झवर ठीक चालला. चार पॉइंट पाच केला. प्रोसेसर तापायला लागला...

आणि वास आला.

गोडसर. जड. घशात जाऊन बसणारा. बर्राकने दोन्ही खिडक्या उघडल्या. तरी वास जाईना. मी शर्टाने नाक झाकून बसलो. सहाव्या मिनिटाला स्क्रीन गोठली.

व्होल्टेज वाढवलं. टेस्ट परत लावली. बसलो. गोठली.

परत. गोठली.

"सोड रे," बर्राक म्हणाला. "म्हणावं, नाही होत. घेऊन जा तुमचा मुडदा."

"पोरीचं वर्ष जाईल."

शेवटी कंटाळून टेस्ट लावली आणि गिऱ्हाईक आलं म्हणून पुढे गेलो. त्याचं काम केलं, चहा प्यायलो. दीड तासाने आठवण झाली.

टेस्ट चालू होती. एकही चूक नाही.

मी खूश होऊन स्टुलावर बसलो...

गोठली.

मी उठून उभा राहिलो. काय वाटलं कुणास ठाऊक, उभ्यानेच टेस्ट परत लावली आणि लांब जाऊन थांबलो. दहा मिनिटं चालली. वीस मिनिटं चालली.

"बर्राक, जरा त्या स्टुलावर बस."

"का?"

"बस तर."

तो टेकला. स्क्रीन गोठली. तो उठला. मी टेस्ट लावली. चालली. आम्ही हे पाच वेळा केलं. पाचव्या वेळी तो हसत नव्हता.

मग मी स्टुलाला हात लावला.

नुकतंच कोणीतरी उठून गेल्यासारखं ते गरम होतं. आणि ओलं. पाणी नव्हतं ते. पिवळट... चिकट...

तोच वास.

मी मोरीत जाऊन ओकलो. हात साबणाने धुतले, मग स्पिरिटने, मग परत साबणाने. बर्राकने स्टूल पायाने ढकलून भिंतीशी नेलं. फडक्यानेसुद्धा पुसायला तयार नव्हता.

टेस्ट लगेच गोठली.

त्यानेच शिव्या देत स्टूल परत जागेवर सरकवलं. त्यानंतर ती चालली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी चार पॉइंट सात लावला. दिवसभर कोणी तिकडे फिरकलं नाही. संध्याकाळी चारपर्यंत चालला. सहा तास. चूक शून्य. इतका पक्का ओव्हरक्लॉक मी आजवर कुणालाच करून दिलेला नाही.

मायलेकी न्यायला आल्या. मी तमादुरला दारातच थांबवलं.

"झालाय. पण एक ऐक. काम लावायचं आणि उठायचं. समोर बसायचं नाही."

"का?"

बर्राकने सरळ सांगून टाकलं. तिचा चेहरा पांढरा पडला.

"तुझा भाऊ कसा गेला?" मी विचारलं.

ती हळू आवाजात बोलली.

"आम्ही मोसुलला लग्नाला गेलो होतो. जुलैत. तो एकटा घरी होता. हृदय बंद पडलं, म्हणाले. खुर्चीतच. याच्यासमोर. आम्ही पाच दिवसांनी आलो. कम्प्युटर चालूच होता. पंखे चालू होते."

पाच दिवस. जुलै. बंद खोली. आणि पंखे आतली हवा ओढत होते.

काल दिवसभर मी ती हवा नाकातोंडात घेतली होती. नखांत ते भरलं होतं. त्या पोरीसमोर मी तोंड दाबून उभा राहिलो. तिने बघितलं. मला लाज वाटली, पण घाण वाटायची थांबली नाही.

तेवढ्यात बर्राक म्हणाला, "खाला, तिथं नको."

उम्म सिराज आत गेली होती. टेस्ट अजून चालूच होती.

ती स्टुलावर बसली. त्या ओल्या स्टुलावर. सावकाश, पोट सावरत, जागा करून घेतल्यासारखी.

टेस्ट गोठली नाही.

पंखे मंदावले... वास गेला... एकदम गेला. उरला तो नुसता आमच्या चहाचा वास.

म्हातारी स्क्रीनकडे बघत बसली. ओठ हलत होते. काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. ती उठली तेव्हा तिच्या पायघोळ काळ्या अबायावर मागे मोठा ओला डाग होता. तमादुरने बघितला. पुसायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

तमादुर पास झाली. चित्रं वेळेत झाली. तिने बर्राकला फोन करून सांगितलं. आता ती मामाकडे राहते. कम्प्युटर आईकडेच आहे.

जूनमध्ये मला उम्म सिराजचा फोन आला.

"पोरा, जरा येऊन त्याचा वेग कमी करून देतोस का?"

"अडकतो का, खाला?"

"अडकत नाही रे. दमतो. दिवसभर धापा टाकतो. मला ऐकवत नाही."

फोनवर मलाही ऐकू येत होतं. घरघर... थांबून परत घरघर...

"पंख्यात धूळ असेल," मी म्हणालो. "बंद करून ठेवा. मी उद्या येतो."

"बंदच आहे," ती म्हणाली. "आमच्याकडे सकाळपासून वीज नाही."

मी गेलो नाही. अजून गेलेलो नाही. तिने परत फोनही केला नाही. मेहनतीपासून मी कधी मागे हटलो नाही, भीतीही एवढी वाटत नाही. पण तिच्या दारात जायचं मनात आणलं की तो वास घशात येतो, आणि मी हात धुवायला उठतो.