बंद इंजिनाची थरथर

पटत नसेल तर सोडून द्या. पण हे घडलं तेव्हा मी तिथे उभी होते, पूर्ण शुद्धीत.

बेचाळीस वर्षं झाली. घरामागची पत्र्याची शेड. दुपारचे साडेतीन.

ह्यांची जुनी, दोन सिलिंडरची मोटारसायकल होती. देखणी, पण हादरे असे की तासाभरात बोटं बधिर. दोन्ही पिस्टन एकदमच वर, एकदमच खाली, हादरणारच. हे म्हणाले, हँडलखाली जाड रबर टाकू. भाऊजी, म्हणजे माझे दीर, लेथवर काम करायचे. हातात कसब, पण स्वभाव हट्टी. ते हसले.

"दादा, दुखतोय दात आणि तू गालाला पावडर लावतोस? पिस्टन ज्या दांड्याला जोडलेत तो क्रँकच कापू. एक पिस्टन वर असेल तेव्हा दुसरा मध्यावर. करायचं तर मुळापासून."

रबर राहिलं. क्रँकही राहिला. आज करू, उद्या करू, यात चार महिने गेले.

मग रस्त्यातलं ते वळण आलं, आणि गाडी आदळली.

हे जाण्याआधी दवाखान्यात दोन तास बोलत होते. ब्रेक दाबला की नाही तेच बोटांना कळलं नाही, म्हणाले. भाऊजी उशाशीच उभे होते.

त्यानंतर भाऊजी शेडमधून बाहेर येईनात. जेवायला बोलावलं की म्हणायचे, एवढं झालं की येतो. पार वाळले. क्रँक कापला, पाव फेरा फिरवून पुन्हा जोडला, वजनं घासून घासून जुळवली.

त्या दुपारी त्यांनी मला हाक मारली. गाडीच्या टाकीवर पाण्याने काठोकाठ भरलेला पेला ठेवला आणि इंजिन चालू केलं.

आवाज वेगळाच... जरा लंगडल्यासारखा. पण पेल्यात साधा तरंग नाही.

भाऊजींनी इंजिन बंद केलं. पाठ फिरवून नळाखाली हात धुवत राहिले. खांदे हलत होते.

शेड शांत झाली.

आणि पेल्यातलं पाणी...

थरथरायला लागलं.

मी हँडलच्या उजव्या मुठीवर हात ठेवला.

ती थरथर इंजिनाची नव्हती... बोटांची होती. लांबून गाडी चालवून आले की ह्यांची बोटं अशीच थरथरायची. शांत होईपर्यंत मी ती हातात धरून बसायचे.

"वहिनी," भाऊजींनी वळून न बघताच विचारलं, "थांबलं ना आता?"

नाही म्हटलं असतं, तर तो माणूस तिथेच संपला असता.

"थांबलं," मी म्हणाले.

त्या दिवशी भाऊजी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले. गाडी देऊन टाकली. पुढे त्यांचा संसार झाला, नातवंडं झाली. मागच्या वर्षी गेले, शांतपणे.

त्यांच्याशी खोटं बोलले, त्याचं मला काही वाटत नाही. टोचतं ते वेगळंच.

ते थांबलं नव्हतं. मीच घाबरून हात काढून घेतला होता.