बिनलांबीची लाल मारुती

"ही गाडी इथून हलणार न्हाई!"

बॉनेटवर दोन्ही पंजे रोवून लिंबाजी ओरडला, आणि हदगावच्या त्या गल्लीतली रविवारची सकाळ एकदम चिडीचूप झाली. गाडीत पुढच्या सीटवर त्याची म्हातारी आई पंचफुला नवं लुगडं नेसून ऐटीत बसली होती, मागे भावजय धम्मप्रिया तीन महिन्यांचं बाळ मांडीवर घेऊन होती, आणि स्टिअरिंगवर होता लातुरात शिकवणीच्या क्लासमध्ये मास्तर असलेला धाकटा भाऊ संघपाल... ज्याने आयुष्यातली पहिली गाडी, जुनी का होईना, कालच तिथून विकत आणली होती आणि जो आज साऱ्यांना सहस्रकुंडाचा धबधबा दाखवायला निघाला होता!

"आता काय झालं, दादा?" संघपालने कपाळाला हात लावला.

"खाली उतरा समदे. माय, तू बी उतर."

"म्या न्हाई उतरत," पंचफुला म्हणाली. "सत्तर वर्सांत पहिल्यांदा घरच्या गाडीत बसले, आन् ह्यो म्हनतो उतर! तुला यायचं नसंल तर ऱ्हा घरी."

लिंबाजीने डोळे मिटून घेतले. या माणसांपुढे डोकं तरी किती वेळा फोडायचं!

गेले तीन महिने त्याने या एका गाडीपायी काय सोसलं नव्हतं? लिंबाजीचा धंदाच डेंटिंग-पेंटिंगचा. पिचकलेला पत्रा ठोकून सरळ करायचा आणि वर रंग मारायचा, यात त्याची हयात गेलेली. भावाचं बजेट सत्तर हजारांचं, आणि अपेक्षा शोरूमच्या! लिंबाजीने एकामागून एक चार गाड्या हुडकल्या, चार वेळा एसटीने लातूर गाठलं. पहिलीला एसी नाही म्हणून नापास. दुसरी धम्मप्रियाच्या माहेरच्या गाडीच्या रंगाची, म्हणून नको. तिसरी, म्हणे, क्लासमधल्या केमिस्ट्रीच्या सरांना पसंत पडली नाही! चौथी तर लिंबाजीने स्वतः इंजिन उघडून पाहिली होती, सोन्यासारखी गाडी... पण ती घ्यायला जायची तारीख साहेबांच्या टेस्ट सिरीजमध्ये सापडली. आणि मग काल संध्याकाळी हा महाशय, कुणाला न विचारता, न सांगता, एका दलालाकडून लाल मारुती घेऊन दारात हजर!

बरं, घेतली तर घेतली. बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे पेढे ठेवून झाले, साऱ्या गल्लीला वाटून झाले. संघपालचा चेहरा असा फुलला होता, की लिंबाजीने सगळा राग गिळून टाकला. लेकराने मेहनतीने कमावलं, हौसेने घेतलं... आपण कशाला विरजण घालायचं?

"दादा, तू फोनवर सांगितलं होतंस ना, चुंबक फिरव म्हणून? लॅबमधला चुंबक घेऊन गेलो होतो!" संघपाल काल फुशारकीने सांगत होता. पत्र्यावरचे खड्डे बुजवायला जे लुकण भरतात, त्याला गॅरेजवाले लांबी म्हणतात; ती जाड असेल तिथे चुंबक धरत नाही, आणि गाडी ठोकलेली आहे हे उघडं पडतं. "सगळीकडे फिरवला. टपापासून खालच्या पट्टीपर्यंत चुंबक कुठेच सुटला नाही. एक इंचही लांबी नाही! अशी बिनलांबीची गाडी तुझ्या त्या चारांमध्ये होती का, सांग!"

लिंबाजी हसला होता. काल अंधार पडलेला, त्याने गाडीला नुसता हात लावून जय भीम म्हटलं होतं.

आज सकाळी मात्र निघण्यापूर्वी टप पुसताना त्याचा हात दाराच्या वरच्या कोपऱ्यावर थबकला. तिथे पत्रा इतका सफाईने बसलेला होता, इतका, की कंपनीतही बसत नाही. लिंबाजीने बोटं पुन्हा फिरवली... आपलं अक्षर माणूस जसं ओळखतो, तशी त्याने आपली हातोडी ओळखली!

"दादा, तू जळतोस!" संघपाल आता खाली उतरला होता, आणि त्याचा आवाज चढला होता. "तुझ्या पसंतीची घेतली नाही म्हणून तुला बघवत नाही. लहानपणापासून हेच. हे कर, ते नको, इथे जा, तिथून परत फीर! भूकंप झाला तेव्हा जीव मुठीत घेऊन लातुरातून पळून आलो होतो मी, अकरावीतलं पोरगं. माय रडत होती, नको पाठवू म्हणत होती. आणि तू? चौथ्या दिवशी मला परत बसमध्ये बसवलंस! जमीन अजून हलत होती तिथे... तुला माझ्या भीतीचं कधी काही वाटलं?"

शब्द बाणासारखे लिंबाजीच्या अंतःकरणात रुतले. त्या दिवशी बस निघून गेल्यावर स्टँडच्या मागे जाऊन तो किती रडला होता, हे कुणाला माहीत होतं? स्वतःच्या लग्नाचं वय भावाच्या क्लासपायी, वसतिगृहापायी गेलं. त्याने कधी ब्र काढला नव्हता. आजही काढला नसता. 'गाडी खराब आहे' एवढंच बोलून गप्प बसावं, बाकीचं पोटात ठेवावं, असं त्याच्या मनाने एकवार घेतलं, आणि तो तेवढंच बोलला.

"खराब आहे म्हणतोस, मग दाखव ना! चुंबक धरतो, इंजिन चांगलं आहे. सिद्ध कर!" संघपाल मास्तरच्या थाटात म्हणाला.

लिंबाजी आत वाकला. बाळ घेऊन धम्मप्रिया घाबरून बाहेर आली. त्याने पुढच्या सीटमागची चटई उचलली आणि पेचकसाने खालचा काळा रंग खरवडला. रंगाखाली या दारापासून त्या दारापर्यंत वेल्डिंगची जाड रेघ निघाली. तांबेऱ्याने ती जागोजाग खाल्लेली होती. पेचकसाचं टोक एका ठिकाणी आरपार गेलं.

"दोन गाड्या हायेत ह्या," लिंबाजी म्हणाला. "पुढची अर्धी एकीची, मागची अर्धी दुसरीची. दोन्हीचे अपघात झालेले. मधून कापून जोडलंय. एखाद्या खड्ड्यात दनका बसला असता तर..."

पंचफुला मुकाट्याने गाडीतून उतरली.

संघपालचा चेहरा पांढराफटक पडला. तो त्या रेघेकडे बघत राहिला, आणि मग हळूच त्याने भावाकडे पाहिलं. हुशार पोरगा तो, एवढा हुशार नसता तर बरं झालं असतं!

"दादा... तू नेमकी इथलीच चटई कशी उचललीस?"

गल्लीत शेजाऱ्यांची दोन-चार डोकी जमली होती. लिंबाजीने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"कारन म्याच जोडलीय."

"काय?"

"नांदेडला गॅरेजात असताना. भूकंपानंतरचा जून म्हयना. तुझी बारावी, फीची तारीख उलटून चाललेली. एक दलाल आला... उस्ताद मकसूदभाई असं काम कधी करत न्हवते, म्हनून त्यांच्या नकळत, सुट्टीच्या दिवशी केलं. उस्ताद म्हनायचे, 'लिंबाजी, तेरा हात लगा तो पत्रा भूल जाताय के मुड्या था.' लांबी लावायची गरजच पडली न्हाई रे! चुंबक सुटंल कुठून?"

त्याने पेचकस खाली टाकला. "धा वर्सं म्या हीच गाडी हुडकून राहिलो. तवा पांढरी होती, नंबर ठाव न्हाई. पांढरी मारुती दिसली की हातातलं काम टाकून धावायचो, टपाला हात लावायचो. लोक येडा म्हनायचे. कुनाचं तरी लेकरू बसत असंल तिच्यात... झोपताना तेच डोळ्यांपुढं यायचं. आन् ती आली बी तर माझ्या दारात, माझं समदं घर आत बसवून!"

धम्मप्रियाने पदर तोंडाला लावला होता. पंचफुला थोरल्या लेकाच्या हाताला धरून नुसती उभी राहिली.

लिंबाजीला वाटलं, संपलं! ज्या भावासाठी हे पाप केलं, त्याच भावाच्या नजरेतून आज आपण उतरलो. त्याने मान खाली घातली. "दलालाला फोन लाव. परत कर म्हनावं. काही कापून घेईल, पर देईल," तो पुटपुटला. आणि बोलतानाच त्याला कळत होतं, की परत गेलेली गाडी आठ दिवसांत पुन्हा कुणाच्या तरी दारात पेढे वाटत उभी राहणार होती. पण हे तो भावाला कोणत्या तोंडाने सांगणार? तीन वर्षं पोटाला चिमटा घेऊन साठवलेलं होतं त्या पोराने!

संघपाल बराच वेळ गाडीभोवती फिरला. एकदा त्याने टपावर हात ठेवला, भावाने ठेवला होता तिथेच, आणि तसाच उभा राहिला.

"किती येडा आहेस रे तू, दादा!" तो चिडून म्हणाला, आणि चिडता चिडता त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या. "मला सांगायचं होतंस ना! एक वर्ष उशिरा दिली असती बारावी. आकाश कोसळत होतं का? आणि आता परत कर म्हणतोस... ती पुन्हा कुणाला विकेल तो. मग तू पुन्हा रस्त्यात गाड्यांमागे धावत बसणार! झाली तेवढी धावाधाव बस झाली."

"पर तुझे पैसे..."

"राहू दे. तुझ्या कामाच्या शेडमधून पत्रा कापायचं कटर आण."

लिंबाजी जागचा हलेना. तेव्हा संघपाल स्वतःच शेडमध्ये गेला, जड कटर दोन्ही हातांनी उचलून आणलं आणि भावाच्या पायाशी ठेवलं. मग त्याने मनगटावरचं घड्याळ काढून धम्मप्रियाकडे दिलं, खिसा चाचपला. शिकवणीच्या मास्तरच्या खिशात दुसरं काय असणार? त्याने खडू काढला आणि त्या लाल टपावर, या दारापासून त्या दारापर्यंत, एक सरळ पांढरी रेघ ओढली.

"इथूनच ना, दादा?"

"हाव," लिंबाजी डोळे पुसत म्हणाला. "इथूनच."