तंबाखूच्या कोठीतली रांग

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण हे घडलंय. झियोने माझी शेजारीण. तिनं एकदाच सगळं सांगितलं; आजही तिच्यापुढे हा विषय काढला, की ती उठून आत निघून जाते.

मलावीत, मुलांजे डोंगराच्या पायथ्याशी आमचं गाव. तापाच्या साथीचं वर्ष. तुरुंग तुडुंब भरले होते, म्हणून किरकोळ गुन्ह्यांचे कैदी मुदतीआधीच सोडून दिले. त्यांत झियोनेचा धाकटा भाऊ लिम्बानी होता.

मुखियानं त्याला गावाबाहेरच अडवलं.

"शेळी चोरून आत गेलास, आता ताप घेऊन बाहेर आलास? गावात पाऊल टाक, तंगडंच मोडतो!"

झियोनेचा नवराही म्हणाला, "ही पीडा माझ्या घरात नको."

शेवटी लिम्बानीला माळावरच्या कोठीत ठेवलं. तंबाखू वाळवायची कोठी ती, तेव्हा रिकामीच होती.

दिवेलागणीला झियोने त्याच्यासाठी न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि सुकी मासळी घेऊन गेली.

तो भिंतीला चिकटून, कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन पडला होता. दहा बैल मावतील एवढी कोठी... आणि हा कोपऱ्यात!

"अरे, हातपाय पसर की!"

"जागा कुठंय, ताई?"

ती हसली. तो हसला नाही.

"आत आम्ही असेच झोपायचो. एकाला एक चिकटून. एकट्याला कूस बदलता यायची नाही. दाराजवळचा म्हातारा टाळी वाजवून 'फिरा' म्हणायचा. मग अख्खी रांग फिरायची."

"सुटला का तो म्हातारा?"

"तापानं गेला. रांगेतले बरेच गेले. सकाळी दार उघडेपर्यंत आमच्यातच पडून असायचे..."

त्यानं गुडघे आणखी पोटाशी ओढले.

"ताई, टाळी वाजली की तेही फिरायचे."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती कोठीच्या दाराशी पोचली आणि थबकली.

आतून... टाळी.

"फिरा."

मग वाळक्या गवतावर कितीतरी अंगं एकदम वळल्याचा आवाज...

तिनं दार ढकललं.

आत एकटा लिम्बानी. डोळे सताड उघडे.

"ऊठ! नवरा गेला खड्ड्यात, घरी चल!"

तिनं त्याचा हात ओढला. तो जागचा हलेना. दोन्ही बाजूंनी कुणी दाबून धरल्यासारखा.

"हात सोड, ताई. त्यांना राग येतोय."

तेवढ्यात तिच्या बरगडीत कोपर बसलं.

मग पाठीत गुडघा.

दिसत कुणीच नव्हतं... पण ढकलत ढकलत तिला बाहेर काढलं. दार आतून लागलं.

त्या दाराला आतून कडी नव्हती.

तिचा आरडाओरडा ऐकून आम्ही धावलो. खांदे लावले, पहार लावली. दार हललं नाही.

पहाटे ते आपोआप उघडलं.

लिम्बानी गेला होता. तसाच कुशीवर... पण आता कोठीच्या मधोमध.

हाडांचा नुसता सापळा झालेला माणूस. पण चौघांना शवपेटी उचलेना. आठजण लागलो. मुखियानंही मुकाट्यानं खांदा दिला.

त्या आठांत मी होतो.

अर्ध्या वाटेत पेटीतला सगळा भार एकदम या बाजूचा त्या बाजूला गेला...

आम्ही थांबलो. कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

आजवर आम्ही एकमेकांना त्याबद्दल विचारलेलं नाही.